सायप्रसचे ऑलिव्हचे आणि हलूमीचे पाव घरी भाजताना

साधा पाव मळताना मीठ आणि पाणी पिठाच्या वजनावरून ठरतं. ५०० ग्रॅम पीठ, १० ग्रॅम मीठ, सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास पाणी, असा तो हिशेब. सायप्रसच्या खाऱ्या पावांना हा हिशेब लावला की पाव हमखास बिघडतो, कारण यात जे सारण जातं ते स्वतःचं मीठ आणि स्वतःचं पाणी घेऊन येतं. ऑलिव्ह खाऱ्या पाण्यातून आलेले असतात, हलूमी हे चीजही दुधाच्या खाऱ्या निवळीत मुरलेलं असतं, वर कांदा आणि कोथिंबीर. पीठ मळतानाच या सगळ्यांसाठी जागा ठेवावी लागते. हे एकदा समजलं की बाकीचं काम पोळ्या लाटणाऱ्या हाताला अवघड नाही.

ग्रीक बोलणारे सायप्रसवासी ऑलिव्हच्या पावाला एलिओती किंवा एलिओपिता म्हणतात आणि हलूमीच्या पावाला हलुमोती किंवा हलुमोपिता. तुर्की बोलणाऱ्या सायप्रसवासींच्या घरात हेच पाव झेतिनली आणि हेल्लिमली होतात. हलूमीचं तुर्की नाव हेल्लिम. एप्रिल २०२१ मध्ये युरोपीय संघानं या चीजला भौगोलिक ओळखीचं संरक्षण दिलं तेव्हा दोन्ही नावं नोंदवली गेली. हे पाव बेकरीतून सकाळी घेऊन चालता चालता खातात, कॉफीबरोबर खातात, शाळेच्या डब्यातही देतात. ऑलिव्हच्या पावात दूध, लोणी, अंडं काहीच नसतं. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत प्राणिज पदार्थ वर्ज्य असतात, तेव्हा हाच पाव पोटाला आधार देतो. लाल भोपळा, दलिया आणि मनुका भरलेली कोलोकोती ही करंजीही त्याच दिवसांतली, पण ती वेगळ्या पिठाची. इथे आधी दोन्ही पावांचं एकच मूळ पीठ, मग प्रत्येकाचं सारण आणि भाजणं, आणि शेवटी ईस्टरची चीज भरलेली पुडी, फ्लाऊना.

पीठ कोणतं घ्यावं

सायप्रसमध्ये गावठी पावाचं पीठ तिथल्या कठीण, पिवळसर गव्हाचं असतं. आपल्याकडे त्याच जातकुळीतला गहू म्हणजे बन्सी. बन्सी रवा किराणा दुकानात सहज मिळतो, आणि हा धागा खरोखर जुळणारा आहे: नुसत्या मैद्याच्या पावाला जी पांढरी, कापसासारखी भुसभुशीत चव येते ती बन्सीनं जाते, रंग फिकट पिवळा येतो आणि कवच खुसखुशीत होतं. जाडा रवा मात्र चालत नाही. तो पाणी हळू पितो, आणि त्याचे कण पिठाचे ताणलेले पापुद्रे फाडतात. बारीक रवा घ्या, आणि तोही मिक्सरमधून मिनिटभर फिरवून. खपली गहू इथे उपयोगाचा नाही. त्याची जात वेगळी, आणि पीठ पसरट होतं.

दोन पावांसाठी:

मैदा ३५० ग्रॅम, बारीक बन्सी रवा १५० ग्रॅम
पाणी २९० ग्रॅम
ऑलिव्ह तेल ३० ग्रॅम
इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम (उन्हाळ्यात ३ ते ४)
साखर ५ ग्रॅम
मीठ: ऑलिव्हच्या पावाला ५ ग्रॅम, हलूमीच्या पावाला ४ ग्रॅम

वाटी-चमच्यानं मोजू नका. वाटीभर मैदा कधी ११० ग्रॅम भरतो, कधी १४०. या पिठात २० ग्रॅम पाण्याचा फरकही हाताला कळतो.

हे पीठ नेहमीच्या पावापेक्षा घट्ट वाटेल. सारणातलं पाणी भाजताना पिठात उतरतं, म्हणून ते मुद्दामच घट्ट आहे. चपातीच्या कणकेपेक्षा किंचित मऊ आणि पुरीच्या पिठापेक्षा बरंच मऊ, एवढं ते असावं. पहिल्यांदा करणारे इथेच घाबरून पाणी वाढवतात, आणि मग वळकटी ट्रेवर पसरून भाकरीसारखी चपटी होते.

मळणं आणि फुगणं

मैदा, रवा आणि पाणी एवढंच एकत्र करून गोळा झाकून २० ते ३० मिनिटं ठेवा. या वेळात रवा पाणी पितो. ही पायरी टाळली तर पीठ आधी चिकट लागतं, तुम्ही वर कोरडा मैदा घालता, आणि तासाभरानं रवा फुगला की तेच पीठ दगडासारखं होतं. मग यीस्ट, साखर आणि मीठ घालून पाचेक मिनिटं मळा. तेल सगळ्यात शेवटी, थोडं थोडं. सुरुवातीलाच घातलेलं तेल पिठाच्या कणांवर चढतं आणि चिवटपणा तयार व्हायला वेळ लागतो. एकूण मळणं हातानं १० ते १२ मिनिटं. छोटा गोळा दोन्ही हातांनी ताणला तर पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पापुद्रा न फाटता व्हायला हवा.

पिठाचं तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस असलं की चव आणि वेळ दोन्ही सांभाळली जातात. पुण्या-नागपुराच्या एप्रिल-मे महिन्यात स्वयंपाकघरच ३४ अंशांवर असतं. तेव्हा फ्रिजमधलं पाणी वापरा आणि यीस्ट निम्म्यावर आणा. तसं केलं नाही तर पीठ ४० मिनिटांत दुप्पट होतं, आंबूस दारूसारखा वास येतो आणि पावात चव उरत नाही. डिसेंबरात उलट: कोमट पाणी, आणि भांडं बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी ठेवायचं.

फुगायला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. पिठात ओलं बोट खुपसून काढलं आणि खळगा हळूहळू, अर्धवटच भरून आला तर पीठ तयार. लगेच वर आला तर अजून थांबा. तसाच राहिला तर उशीर झाला आहे, हलक्या हातानं दाबून पुढचं काम लगेच करा.

गावाकडच्या पद्धतीत यीस्टऐवजी प्रोझिमी, म्हणजे आधीच्या खेपेचं राखून ठेवलेलं आंबवण वापरतात. घरी जिवंत आंबवण असेल तर यीस्ट काढून १०० ग्रॅम आंबवण घाला. ते समसमान पीठ-पाण्याचं असेल तर पाककृतीतून ५० ग्रॅम मैदा आणि ५० ग्रॅम पाणी कमी करा, आणि पहिलं फुगणं ४ ते ५ तास धरा. त्या आंबटपणाला ऑलिव्हची खारट-कडू चव फार छान जुळते. हलूमीला मात्र यीस्टचं गोडसर पीठच चांगलं.

ऑलिव्ह: निवड, निथळणं, वाळवणं

सायप्रसचे गावठी ऑलिव्ह लहान, तेलकट आणि सुरकुतलेले असतात. आपल्याकडे डब्यात गोल चकत्या करून मिळणारे काळे ऑलिव्ह या पावासाठी सगळ्यात वाईट. ते कच्च्या फळांवर क्षाराची प्रक्रिया करून काळे केलेले असतात. चव जवळजवळ नसते आणि पाणी भरपूर असतं. काचेच्या बरणीतले आख्खे कालामाटा ऑलिव्ह घ्या. मिठात सुकवलेले सुरकुत्यांचे काळे ऑलिव्ह मिळाले तर त्याहून उत्तम.

बिया काढण्यासाठी ऑलिव्ह पाटावर ठेवून सुरीच्या रुंद पात्यानं दाबा, बी सुटून येते. सायप्रसमध्ये कित्येक ठिकाणी ऑलिव्ह बियांसकटच पावात घालतात. तसं केल्यानं ऑलिव्ह अखंड राहतो आणि रस सुटत नाही हे खरं, पण खाणाऱ्याला आधी सांगा, नाहीतर दात जाईल.

सारण, दोन पावांचं:

बिया काढलेले ऑलिव्ह २०० ग्रॅम
कांदा १५० ग्रॅम, बारीक चिरून
कोथिंबीर ४० ग्रॅम, कोवळ्या देठांसह
वाळलेला पुदिना १ चमचा
ऑलिव्ह तेल १५ ग्रॅम

आता कामाचा भाग. बिया काढलेले ऑलिव्ह अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा, जास्तीचं मीठ निघून जाईल. एक चाखून बघा. नुसता खाताना किंचित खारट लागला पाहिजे, तोंड आवळलं जाता कामा नये. मग चाळणीत निथळून सुती पंचावर पसरा आणि तासभर वारा लागू द्या. वेळ नसेल तर पंचात गुंडाळून हलके दाबा. मिठात सुकवलेल्या ऑलिव्हना भिजवायची गरज सहसा पडत नाही.

कांदा तेलावर मंद आचेवर ६ ते ७ मिनिटं परता. रंग बदलायला नको, फक्त पाणी आटून तो काचेसारखा दिसला की पुरे. पूर्ण थंड होऊ द्या. कच्चा कांदा घालायचीही रीत आहे आणि तिचा झणका वेगळाच, पण मग कांदा चिमूटभर मिठात १० मिनिटं ठेवून घट्ट पिळून घ्यावा लागतो. कोथिंबीर धुतली असेल तर आदल्या रात्रीच धुऊन कोरडी करा. ओली कोथिंबीर म्हणजे पावात पाण्याचा छुपा चमचा.

कोथिंबीर, कांदा आणि खारवलेलं फळ पावात घालणं मराठी जिभेला परकं वाटत नाही. मिरची किंवा हळद घालायचा मोह होईल, पण घालू नका. ऑलिव्हच्या कडूसर चवीवर ती लगेच कुरघोडी करते.

ऑलिव्हच्या पावाची वळकटी

फुगलेल्या पिठाचे दोन भाग करून गोळे करा आणि झाकून १० मिनिटं विसावू द्या. न विसावता लाटलं तर पीठ रबरासारखं मागे येतं. प्रत्येक गोळा २५ बाय ३५ सेंटिमीटर लाटा, जाडी साधारण अर्धा सेंटिमीटर. ओट्यावर पीठ भुरभुरू नका, तेलाचा हात पुरतो. वळकटीच्या आत गेलेलं कोरडं पीठ थरांना चिकटू देत नाही.

सारण पसरताना कडेनं दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, आणि ऑलिव्ह तळव्यानं हलकेच पिठात दाबा. मग २५ सेंटिमीटरच्या बाजूनं घट्ट गुंडाळा. प्रत्येक वळशाला वळकटी किंचित मागे ओढून मग पुढे ढकला, थर एकमेकांना घट्ट बसतात. शेवटची कड पाण्याच्या बोटानं ओली करून चिकटवा, टोकं दाबून खाली वळवा, शिवण खालच्या बाजूला ठेवा.

पिठात ऑलिव्ह आधीच मळून टाकणारेही आहेत. त्यानं वेळ वाचतो, पण ऑलिव्ह चुरडतात आणि पाव राखाडी-जांभळा होतो. वळकटी कापल्यावर जो काळा-हिरवा चक्राकार थर दिसतो तो या पावाचा खरा चेहरा.

तीळ ओले हवेत

सायप्रसच्या कुलुरी या साध्या पावावर तीळ, कलौंजी आणि विलायती बडीशेप यांचं मिश्रण असतं, आणि तेच ऑलिव्हच्या पावावरही शोभतं. आपली नेहमीची बडीशेप जाड आणि जास्त गोड. विलायती न मिळाल्यास ती निम्म्या प्रमाणात घेऊन जरा कुटून घाला. ५० ग्रॅम तीळ, १ चमचा कलौंजी आणि १ चमचा विलायती बडीशेप गरम पाण्यात १० मिनिटं भिजवून निथळा. ओल्या फडक्यावर हे दाणे पसरून पावाची वरची बाजू त्यावर लोळवा. कोरडे तीळ वरून भुरभुरले तर निम्मे कापताना गळतात आणि उरलेले करपतात. ओले तीळ पिठाला धरून बसतात आणि सावकाश, एकसारखे भाजले जातात.

दाणे लावून पाव ट्रेवर ठेवा, झाकून ३५ ते ४५ मिनिटं फुगू द्या. भाजण्याआधी धारदार सुरीनं तीन तिरपे छेद द्या, सारणाचा पहिला थर दिसेल इतके, साधारण एक सेंटिमीटर खोल. छेद नसतील तर वाफ स्वतःची वाट काढते आणि पाव कडेनं फाटतो.

भाजणं

ओव्हन २२० अंशांवर निदान २० मिनिटं तापू द्या. बहुतेक घरगुती ओटीजीत दिवा विझला तरी आतली हवाच तापलेली असते, भिंती नाही. दोन्ही सळया चालू, जाळी मधल्या खाचेत. तळाशी छोट्या धातूच्या भांड्यात अर्धी वाटी उकळतं पाणी ठेवा. पहिली १० मिनिटं वाफ मिळाली की कवच उशिरा कडक होतं आणि पाव मोकळेपणानं वर येतो. काचेच्या दारावर पाणी पडू देऊ नका, काच तडकते. पंखा असेल तर ही १० मिनिटं बंद ठेवा.

१० मिनिटांनी पाण्याचं भांडं काढा, तापमान १९० वर आणा आणि आणखी २५ ते ३० मिनिटं भाजा. वरचा रंग लवकर चढत असेल तर फॉइल सैलसर टाका, पण आच आणखी कमी करू नका, आतला थर कच्चा राहतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर असल्यास मध्यभागी ९५ अंश दिसले पाहिजेत. नसल्यास पाव उलटा करून बुडावर टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा. सारणाच्या पावात हा आवाज साध्या पावापेक्षा जरा जड येतो, म्हणून शंका आली तर ५ मिनिटं जास्तच द्या.

बाहेर काढताच जाळीवर ठेवा आणि ४५ मिनिटं हात लावू नका. गरम पाव कापला की ऑलिव्हभोवतीची वाफ चिकट लगद्यात बदलते, आणि चांगला भाजलेला पावही कच्चा वाटतो.

पाव बिघडला तर आधी कापून आत बघा. वळकटीचे थर सुटून बोगदा झाला असेल तर सारण तेलकट होतं किंवा गुंडाळणं सैल होतं. ऑलिव्हभोवती ओलसर, राखाडी कडं असेल तर ऑलिव्ह नीट वाळले नव्हते. सगळाच पाव दाट आणि छिद्रं बारीक असतील तर दुसरं फुगणं कमी पडलं, किंवा मीठ नेहमीइतकं घातलं गेलं आणि यीस्ट मंदावलं. बूड पांढरं आणि वरचा रंग गडद असेल तर दोष पिठाचा नाही: पुढच्या वेळी जाळी एक खाच खाली आणि जाड, गडद रंगाचा ट्रे.

हलूमी का वितळत नाही, आणि पावात तिचं काय करावं

हलूमी बकरी, मेंढी आणि गाईच्या दुधाची. विरजणाचा आंबटपणा येऊ न देता दूध रेनेटनं, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विकरानं जमवतात, जमलेला गोळा दाबून ठोकळे करतात, आणि मग ते ठोकळे त्याच दुधाच्या निवळीत ९० अंशांहून जास्त तापमानात अर्धा तास तरी शिजवतात. नंतर मीठ आणि पुदिना लावून दुमडतात. आंबटपणा कमी राहिल्यानं कॅल्शियम प्रथिनांच्या जाळीत टिकून राहतं, आणि त्या शिजण्यानं जाळी आणखी घट्ट बसते. म्हणून ओव्हनमध्ये हलूमी वाहत नाही, तुकडा तुकडाच राहतो आणि दाताखाली कुरकुरतो. पावात चीजचा ओघळ नको, तुकडे हवेत. मोझरेला हा पर्याय होऊ शकत नाही. तो वितळून पिठात पोकळ्या पाडतो.

दोन पावांना २५० ग्रॅम हलूमी. पाकिटावर १०० ग्रॅमला बहुधा अडीच ते तीन ग्रॅम मीठ लिहिलेलं असतं, म्हणजे एवढ्या चीजमधूनच सुमारे ७ ग्रॅम मीठ येतं. पिठातलं मीठ ४ ग्रॅमवर का ठेवलं ते यावरून कळेल. शाकाहारी वाचकांनी पाकिटावर रेनेट प्राणिज आहे की सूक्ष्मजीवजन्य ते वाचून घ्यावं, दोन्ही प्रकार बाजारात आहेत.

हलूमी नळाखाली धुऊन, पुसून, अर्धा तास पंचात ठेवा. निम्मी एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा, निम्मी जाड किसा. कीस पिठाला चव देतो, तुकडे चावायला मिळतात. नुसता कीस घातला तर तो पिठात नाहीसा होतो. नुसते मोठे तुकडे घातले तर उरलेला पाव अळणी लागतो.

पुदिना वाळलेलाच घ्या, दोन चमचे, तळव्यांत चोळून. ताजा पुदिना भाजताना काळा पडतो आणि गवतासारखा लागतो. घरच्या पुदिन्याची पानं सावलीत दोन-तीन दिवस वाळवली की चुरचुरीत होतात, तीच वापरा. हिरवी चटणीची चव इथे अपेक्षित नाही. वाळलेल्या पुदिन्याचा थंड, किंचित धुरकट वास हवा.

फुगलेल्या पिठाचा गोळा बोटांनी दाबून पसरा, दोन तृतीयांश हलूमी आणि पुदिना पेरा, पत्रासारखी तीन घडी घाला. पुन्हा दाबून पसरा, उरलेली हलूमी पेरा, पुन्हा तीन घडी. १० मिनिटं थांबून कडा खाली ओढत गोल आकार द्या. वर उघडे पडलेले तुकडे आत ढकला, ते उघड्यावर सुकून चामड्यासारखे होतात. दुसरं फुगणं ४० मिनिटं, वर तेच ओले तीळ, आणि चौकोनी छेद. २१० अंशांवर १० मिनिटं, मग १८५ वर ३० ते ३५ मिनिटं. दुधातल्या साखरेमुळे हा पाव ऑलिव्हच्या पावापेक्षा लवकर तांबूस होतो, म्हणून आच ५ ते १० अंशांनी कमी आणि वेळ थोडा जास्त.

पनीर चालेल का, हा प्रश्न येणारच. पनीर आंबटानं फाडलेलं असतं, तेही वितळत नाही, पण त्यात मीठ नसतं, कुरकुर नसते आणि पाणी खूप असतं. त्याचा पाव चांगला होऊ शकतो, पण तो हलुमोती होत नाही. करायचाच असेल तर पनीरचे जाड तुकडे लिटरभर पाण्यात ८० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी पुसून कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी तांबूस भाजा आणि गार करून वापरा.

यीस्टशिवाय, घाईच्या दिवशी

सायप्रसच्या घरांत ऑलिव्हच्या पावाचा एक झटपट प्रकारही आहे, बेकिंग पावडरचा आणि संत्र्याच्या रसाचा. ३०० ग्रॅम मैद्यात १२ ग्रॅम बेकिंग पावडर चाळा. १५० मिली ताजा संत्र्याचा रस, १०० मिली ऑलिव्ह तेल आणि ५० ते ६० मिली पाणी घालून डावानंच कालवा, मळू नका. वरच्याच मापाचे ऑलिव्ह, कांदा, कोथिंबीर घाला. मीठ अजिबात नको. भजीच्या पिठापेक्षा दाट, डावातून ढेकूळ पडेल असं मिश्रण लांबट साच्यात ओतून १८० अंशांवर ४५ मिनिटं भाजा. संत्र्याची चव आंबट-गोड अशी मागे राहते. फार कालवलं की वरून तडकतो आणि आतून चिवट होतो.

फ्लाऊना

फ्लाऊना हा ईस्टरचा मान. उपास सुटल्यावर अंडी आणि चीज एकदम परत येतात ती या चीजच्या पुडीतून. तुर्की सायप्रसी घरांत हिला पिलावुना म्हणतात. मूळ चीज पाफोसच्या बाजूचं कठीण पाफितिको, आणि सोबत हलूमी. परदेशातले सायप्रसवासी पाफितिको नसताना जुनं चेडर वापरतात, आपणही तेच करू शकतो.

सारण आदल्या रात्री करावं लागतं, आणि त्याला कारण आहे. किसलेलं चीज अंड्यांबरोबर लगेच भाजलं तर अंडं वेगळं होऊन तेल सुटतं. रात्रभरात रवा ती ओल पिऊन घेतो आणि सगळं एकजीव होतं. १४ फ्लाऊनांसाठी: जुनं, कोरडं चेडर ५०० ग्रॅम आणि हलूमी २५० ग्रॅम बारीक किसून, बारीक रवा १०० ग्रॅम, मैदा ३० ग्रॅम, यीस्ट ४ ग्रॅम, वाळलेला पुदिना २ मोठे चमचे, मनुका ८० ग्रॅम, ५ फेटलेली अंडी. मनुकांवरून घराघरांत मतभेद आहेत, पण खारट चीजमध्ये त्या हव्यातच. मीठ नाही. महलेप म्हणजे एका रानटी चेरीच्या आठळीतलं बी, कडवट बदामासारख्या वासाचं. ते मिळालं तर १ चमचा कुटून. मस्तकी हा किओस बेटावरचा डिंक, चिमूटभर, १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून अर्धा चमचा साखरेबरोबर कुटायचा, एरवी खलबत्त्याला चिकटून बसतो. दोन्ही नसतील तर सोडून द्या, व्हॅनिला किंवा वेलची घालू नका.

मिश्रण झाकून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तासभर बाहेर काढा, १ चमचा बेकिंग पावडर मिसळा. हातात घेतल्यावर लाडू वळता आला पाहिजे. भुगा होत असेल तर आणखी एक अंडं, ओघळत असेल तर दोन चमचे रवा घालून अर्धा तास थांबा.

पिठासाठी मैदा ५०० ग्रॅम, निम्मं दूध आणि निम्मं पाणी असं २४० ग्रॅम, तेल ५० ग्रॅम, यीस्ट ५ ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम. तासभर फुगवून १४ लाट्या करा, ५७ ग्रॅमच्या आसपास. प्रत्येकीची १४ सेंटिमीटरची पोळी लाटून एक बाजू ओल्या तिळांवर दाबा. तिळांची बाजू खाली, वर ८५ ग्रॅम सारणाचा गोळा जरा चपटा करून. चार बाजू आत दुमडून चौकोन करा किंवा तीन दुमडून त्रिकोण. मध्यभाग उघडा राहिलाच पाहिजे. कोपरे काट्यानं दाबा. दुमड घट्ट ओढू नका, सारण फुगताना तिला सरकायला जागा लागते, नाहीतर कोपरा उकलून चीज ट्रेवर येतं. अर्ध्या तासानं उघड्या सारणावर आणि कडांवर फेटलेलं अंडं लावून १९० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं, मध्यभाग घुमटासारखा फुगून गडद सोनेरी होईपर्यंत भाजा. बाहेर आल्यावर घुमट थोडा खाली बसतो, ते ठीक आहे. पार खचला तर आतून कच्चा होता.

टिकवणं

कांदा घातलेला ऑलिव्हचा पाव मुंबईच्या दमट हवेत एका दिवसापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. हलूमीचा पाव आणि फ्लाऊना त्याच दिवशी गार झाल्यावर फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये पाव लवकर शिळकट होतो, म्हणून जास्तीचा पाव जाड काप करून, कापांमध्ये बटर पेपर घालून सरळ फ्रीझरमध्ये टाका, महिनाभर चांगला राहतो. खाताना काप न वितळवताच १६० अंशांवर ८ ते १० मिनिटं, फ्लाऊना १५ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये हलूमी चिवट होते आणि तीळ मऊ पडतात. ऑलिव्हच्या पावाबरोबर टोमॅटो आणि काकडीच्या फोडी द्या, पण त्यांना मीठ लावू नका.